आठ पायांचा घोडा आणि शाईबाईंची सफाई

पेन्सिलीचा पसारा आवरण्यात शाईबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट चारचौघांना कळावी याची काळजी त्या स्वतःच घेत. "माझ्यापुढे कसलंही चित्र ठेवा," त्या म्हणत, "त्यातली नेमकी रेघ मला दिसते. बाकीचा कचरा."

चित्रकथांच्या धंद्यात त्यांची उभी हयात गेली होती. चित्रकाराने पेन्सिलीने पान काढायचं, बाईंनी त्यावर ब्रशने शाई फिरवायची, शाई वाळली की खोडरबर घेऊन खालची पेन्सिल साफ पुसायची, मग पान छापखान्यात. आता पेन्सिलवाला माणूस एका नाकासाठी चार रेघा मारतो. त्यातली नाकाची कुठली आणि चाचपडल्याची कुठली, हे ठरवायचं शाईवाल्याने. बाईंचं आजवर एकही नाक चुकलं नव्हतं. मजकूर मात्र त्या कधी वाचत नसत. "मजकूर वाचायला वाचक आहेत की. मी रेघ वाचते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

म्हणून तर बाई काम सोडून घरी बसल्या होत्या तरी लेकीने हाक मारली ती त्यांनाच. जावई चित्रकार. मिक्सरच्या माहितीपत्रकांत बाण काढायची बरी नोकरी होती. ती सोडून त्याने उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांवर एक सुपरहिरोची चित्रकथा रचली होती. तिचा नायक दिवसा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. संकट आलं की त्याची लिफ्ट छप्पर फोडून वर जायची, नऊ जगं फांद्यांवर पेलणाऱ्या एका प्रचंड झाडाच्या शेंड्याला थांबायची, आणि हा गडी देवांच्या राजाचा घोडा मागून घेऊन राक्षसांच्या मागे लागायचा. संपादकांनी सांगून ठेवलं होतं, पहिलं पुस्तक जमलं तर मालिका, नाहीतर इथेच नमस्कार. आणि सगळी पानं पेन्सिलीत पुरी झाली नेमकं तेव्हाच जावयाचं मनगट धरलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि ब्रशला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

"आई, शाई तू करशील? ते स्वतःच करणार होते गं, पण चमचासुद्धा धरवत नाहीये त्यांना."

"जावईबापूंना म्हणावं, निवांत पडून राहा. पानं माझ्याकडे आली म्हणजे बाळंतीण माहेरी आली."

जावई मुळात अबोल, सासूपुढे तर त्याची वाचाच बसायची. पानं पोचवायला आला तेव्हा दारात उभं राहून तो म्हणाला, "आई, त्या घोड्याचं जरा..." बाई म्हणाल्या, "कळलं, कळलं," आणि दार लावून कामाला बसल्या.

काम झालं तेव्हा बाई स्वतःवरच खूश झाल्या. जावयाला न दाखवता पानं थेट कचेरीत न्यायची आणि त्याला एकदम छापलेलं पुस्तकच दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. कचेरी म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत संपादक, बाहेरच्या खोलीत डिंकाची बाटली आणि अक्षरवाले काका. काका पात्रांची बोलणी कागदाच्या फुग्यांत सुबक अक्षरांत लिहून ठेवत आणि पानं आली की जागच्या जागी चिकटवत. छापखान्याचा माणूस दुपारी पानं घ्यायला येणार होता. बाई चहाचा कप घेऊन कौतुकाची वाट बघत बसल्या.

काकांनी पहिला फुगा चिकटवला, दुसरा चिकटवला आणि तिसरा बोटावर धरून थांबले.

"बाई, घोड्याचे बाकीचे पाय कुठायत?"

"बाकीचे म्हणजे? चार आहेत की. चष्मा पुसा."

"चार आहेत हो. पण इथे राक्षस म्हणतोय, ‘बांधले याचे चार पाय, आता बघू कसा धावतो!’ आणि आपला नायक म्हणतोय, ‘मूर्खा, उरलेले चार विसरलास!’"

बाईंनी वाकून पाहिलं. चित्रात घोड्याचे चारही पाय दोराने करकचून आवळलेले होते, आणि तशा अवस्थेत तो भरधाव दौडत होता. रेघ मात्र सुरेख होती.

फुग्यांवरून चाललेल्या वादाचा आवाज ऐकून संपादक बाहेर आले. त्यांनी पान उचललं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, हा आठ पायांचा घोडा आहे. आख्ख्या पुस्तकाचा जीव त्याच्यात आहे. आठ पाय ऐकले आणि मी होकार दिला."

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात लखलखीत उजेड पडला. पेन्सिलीच्या चित्रांत घोड्याच्या पोटाखाली पायांची ही गर्दी होती. बिचारं पोर पाय शोधतंय, सापडत नाहीये, असं वाटून त्यांना जावयाची दयाच आली होती. त्यांनी प्रत्येक चौकटीतले चांगले चार पाय निवडले होते आणि उरलेले मायेने पुसून टाकले होते.

"खाली पेन्सिल दिसत असेल ना थोडीफार?" संपादकांनी पान उजेडात धरलं.

"मी पुसलेलं परत दिसत नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या आयुष्यभर ऐटीत म्हणत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच ते म्हणताना त्यांनी मान खाली घातली.

संपादक पुढची पानं चाळू लागले. "हा कोण?"

"देवांचा राजा."

"याचा एक डोळा गेलेला आहे. शहाणपण मिळावं म्हणून त्याने तो विहिरीला देऊन टाकला."

"मला वाटलं, काढायचा राहून गेला," बाई पुटपुटल्या. त्यांनी राजाला दुसरा डोळा दिला होता, आणि चेहरा उठून दिसावा म्हणून वर लांब पापण्याही.

"आणि हा लांडगा. याने लोखंडी साखळदंड कधीच तोडलेत. शेवटी देवांनी याला जादूच्या रेशमी फितीने बांधलंय."

"फितीने कुठे लांडगा बांधतात का? सुटून कुणाला चावला असता. मी जाड साखळी घातली."

काकांनी हातातला फुगा खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्हाला ठाऊक आहे का, या घोड्याची आई कोण ते? तो देवांतला कपटी देव. घोडीचं रूप घेऊन हिंडत होता, त्यात हा झाला."

"देव? आई?"

"हो."

"आणि असल्या घराण्यात मी पाय मोजायला हवे होते!"

बाई खुर्चीत टेकल्या. जावयाने नोकरी सोडली तेव्हा ‘बाण काढण्यात काय वाईट होतं’ असं सगळ्या नातलगांत बोलून झालं होतं त्यांचं. आता त्याच्या पायावर धोंडा पडला होता, तोही त्यांच्याच हातून. पुस्तक गेलं तर मालिका जाणार, मालिका गेली की लेकीच्या घरात पुन्हा मिक्सर येणार. त्या रडायच्या बेताला आल्या. पण शाईबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, ब्रश काढला आणि पाय काढायला घेतले.

इथे एक अडचण होती. बाईंनी जन्मभर दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा गिरवल्या होत्या. स्वतःच्या मनाने काढलेले पाय फक्त खुर्च्या-टेबलांचे. घाईत तेच हाताला आले. पहिल्या चौकटीत घोड्याचे मागचे पाय कोरीव, खाली गोल लट्टू असलेले निघाले. दुसरीत मोजताना काका आणि बाई दोघांनीही एकच पाय दोनदा धरला आणि घोडा सात पायांवर उभा राहिला. तिसरीत सातचे आठ करताना नवा पाय नायकाच्या कमरेतून निघाला. संपादक म्हणाले, थांबा. काका म्हणाले, अजून एक काढा. बाईंनी लेकीला फोन लावला.

"जावईबापूंना कचेरीकडे फिरकू देऊ नकोस. काय वाटेल ते सांग. घरात पाणी शिरलंय म्हण."

"अगं, ते कधीच निघालेत. तू कचेरीत पानं घेऊन गेलीस हे तुझ्या शेजारणीने सांगितलं त्यांना."

फोन ठेवतात न ठेवतात तोच जावई दारात उभा. मनगटाला पट्टा, चेहरा पांढराफटक. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी बाईंची गत झाली. त्या उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या: "घोड्याचे निम्मे पाय मी पुसले. राजाला डोळा दिला. लांडग्याला साखळी घातली. तुमचा मजकूर मी वाचलाच नव्हता. चूक माझी आहे, तुमची यात काडीची चूक नाही, आणि हे मी संपादकांसमोर सांगतेय."

जावयाने एकेक पान हातात घेतलं. छापखान्याचा माणूस येऊन दाराशी टेकला.

"आई," जावई शेवटी म्हणाला, "सगळीकडे चारच?"

"चारच. तीन चौकटी सोडून. तिथे काय झालंय ते बघू नका."

जावई स्टुलावर बसला, आणि त्याने इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचे फुगे उडाले. "बरं झालं हो. फार बरं झालं."

"अहो, काय बोलताय!"

"मला झोपेतसुद्धा पाय दिसतात, आई. मनगट कशाने गेलं असं वाटतं तुम्हाला? एक दौड काढायची म्हणजे कुठला पाय पुढे, कुठला मागे, कोण कोणाच्या आड, डोकं फिरतं. मालिका झाली तर जन्मभर हेच. पण यांनी होकारच आठ पायांवर दिलेला. यांना कुठल्या तोंडाने सांगू?" एवढं सलग बोलताना बाईंनी त्याला लग्नातही ऐकलं नव्हतं.

संपादक म्हणाले, "ते ठीक आहे. पण राक्षस चार पाय बांधतो आणि घोडा पळतो, याचं काय करायचं?"

जावयाने बांधलेल्या पायांच्या दौडीकडे पुन्हा पाहिलं. "उरलेले चार आहेतच की. दिसत नाहीत एवढंच. त्या कपट्याने अदृश्य केलेत."

"स्वतःच्या पोराचे पाय?"

"तो तसाच आहे. राजा झोपला असताना त्यानेच खोटा डोळा चिकटवला. पापण्यांसकट. आणि फीत साखळीसारखी दिसतेय, तीही त्याचीच नजरबंदी. सुरुवातीला त्याच्या खोड्यांचं एक पान घातलं की काम झालं. एकही फुगा बदलायला नको."

काकांनी ताबडतोब डिंकाची बाटली उघडली. संपादक घोड्याचं आणि राजाचं पान शेजारी शेजारी धरून आधी गालात, मग पोट धरून हसले. "हे तर आठ दिसण्यापेक्षा भारी आहे. राक्षसाला कळतच नाही घोडा कशावर पळतोय!"

छापखान्याच्या माणसाला चहा देऊन बसवलं. काकांनी त्या तीन चौकटींतले टेबलाचे पाय पांढऱ्या रंगाने बुजवले. जावयाने पट्टा सैल करून, हळूहळू, दोन बोटांत पेन्सिल धरून नवं पान काढलं, आणि शेजारी बसून बाईंनी त्यावर शाई फिरवली. प्रत्येक रेघेपाशी त्या थांबत होत्या.

"ही ठेवू?"

"ठेवा."

"ही?"

"तो कचरा, आई."

पानं गेली. जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज बंद झाला तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. संपादकांनी मालिकेचं नक्की केलं, जावयाशी हात मिळवायला गेले आणि पट्टा बघून त्याची पाठ थोपटली. "दुसऱ्या पुस्तकात काय?"

"साप," जावई म्हणाला. "समुद्रात पडून आख्ख्या पृथ्वीला विळखा घातलेला."

बाईंनी कान टवकारले. "सापाला पाय किती?"

"एकही नाही."

"मग शाई माझीच," बाई म्हणाल्या. त्यांनी ब्रश धुतला, दौतीचं झाकण लावलं आणि सगळ्या दिवसात पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या. "बिनपायाचं जनावर. सुटले बाई."

"हो," जावई म्हणाला. "फक्त खवले तेवढे आहेत."

"किती?"

"पृथ्वीभर, आई."