सहा शिक्के आणि एक शेळी

"सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी, पारदर्शी. ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, त्याच्या हातून चोर काय सुटणार? गुप्त तपासाची कामे खात्रीने करून मिळतील."

हा मजकूर दादाने स्वतः रचून चष्म्याच्या दुकानाच्या कार्डामागे छापून घेतला होता, आणि आपण गुप्तहेर आहोत हे भेटेल त्याला तो आवर्जून सांगत असे. दुकानात त्याचं काम म्हणजे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. वीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासून आपले डोळे काही और आहेत अशी त्याची ठाम समजूत झाली होती. त्याच्या स्वतःच्या चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला, हे विचारायची दुकानात कोणाची टाप नव्हती.

त्याची धाकटी बहीण अडतीस वर्षांची, दोन मुलींची आई, पण दादासाठी अजून बेबीच. नवऱ्याला ऐन वेळी रजा मिळाली नाही, म्हणून मुलींना जुनं शहर दाखवायला तिने दादाला बरोबर घेतलं. घेतलं कसलं, तो आलाच. "जुनं शहर म्हटलं की गुन्हे आलेच," तो म्हणाला. बेबीने त्यावर वाद घातला नाही. दादाशी वाद घालणं म्हणजे आपल्याच हाताने आपलं डोकं उठवून घेणं, हे ती फार लहानपणी शिकली होती.

त्या शहरात एक पद्धत होती. वेशीतून आत शिरलं की मुलांना पुठ्ठ्याची एक छोटी शिक्केवही मिळायची. तटाच्या आत बघण्यासारख्या सात जागा, दर जागी एक शिक्का. सातवा शिक्का घंटाबुरुजाच्या पायथ्याशी. ज्या मुलाचे सातही शिक्के झाले, त्याला त्या दिवशी पाचच्या ठोक्याला वर जाऊन प्रचंड घंटेचा दोर स्वतः ओढायला मिळे. पाचनंतर बुरूज बंद.

बेबीची मोठी दहा वर्षांची. तिने सकाळपासून तुरुंग, धान्याचं कोठार, कोरडी विहीर, शस्त्रागार आणि आणखी दोन जागा पायाखाली घालून सहा शिक्के मिळवले होते. उद्या पहाटे परतीची गाडी. म्हणजे घंटा आज, नाहीतर कधीच नाही. बारकी चार वर्षांची, तिचं वही मिळण्याचं वय नव्हतं. त्याचा राग ती सारखं बोलून काढत होती.

मोठीच्या हातात वही आहे ना, हे बेबी सकाळपासून सारखं वळून बघत होती. कारण तीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांची असताना, ती याच शहरात सहा शिक्क्यांपर्यंत पोचली होती. मग वही गायब झाली. तेव्हा चौदा वर्षांच्या दादाने आयुष्यातला पहिला तपास केला आणि तटाखाली चरणाऱ्या एका शेळीने वही खाल्ली असा निकाल दिला. बेबीने त्या दिवसापासून शेळी या जातीशी संबंध तोडले. रस्त्यात शेळी दिसली तरी ती मान फिरवत असे.

पावणेचारला ते चौकातल्या चहाच्या दुकानात टेकले. जागा दादाने निवडली.

"पहिल्या खटल्याच्या वेळी इथेच बसलो होतो," तो म्हणाला. "लक्षात ठेव बेबी, गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच."

सातशे वर्षांच्या फरसबंदीवर एकही टेबल सरळ उभं राहत नव्हतं. दादाने पहिल्या खटल्यापासूनची टिपणवही उघडली, तर पेन एकीकडे आणि शब्द भलतीकडे. चहा बशीत सांडला. तो पुटपुटला, वाकला, काहीतरी खुडबुड केली आणि मग स्वस्थपणे लिहू लागला. मोठी हात धुवायला गेली होती. बारकी टेबलाखाली घर मांडून बसली होती. बेबीने त्या दिवसातला पहिला गरम घोट घेतला.

मोठी परत आली. "आई, माझी शिक्केवही? इथे टेबलावर ठेवली होती."

पिशव्या उलट्या झाल्या, खिसे उलटे झाले. वही नाही. मोठी रडली नाही, तिने रिकामी पिशवी पुन्हा एकदा उलटी करून झटकली. बेबीला तिचा चेहरा बघवेना. हा चेहरा तिने तीस वर्षांपूर्वी आरशात पाहिला होता.

दादा मात्र खुलला. "कोणी हलायचं नाही. साक्षी घेतल्या जातील. वयाने मोठा तो आधी, हा माझ्या तपासाचा नियम आहे."

"मामा, मी सांगू?" टेबलाखालून आवाज आला.

"तुझा नंबर शेवटचा."

पहिल्या आल्या चहावाल्या बाई.

"वय?"

"कशाला हवंय?"

"साक्षीचा क्रम वयावर ठरतो."

"मग मला त्या पोरीच्या नंतर घ्या," बाई म्हणाल्या आणि कपबश्या उचलायला गेल्या.

शेजारच्या टेबलावर शस्त्रागारातले शिक्केवाले काका चहा पीत होते. दादाने बेबीच्या कानात सांगितलं, "त्यांची बोटं बघ. शाई."

"दादा, ते दिवसभर शिक्के मारतात."

"तेच म्हणतोय मी. कोणाला संशय येऊ नये म्हणून माणसाने धंदाच तसा निवडला."

काकांनी निमूटपणे आपली पिशवी उघडून दाखवली. तीत डबा निघाला, डब्यात अर्धं सफरचंद निघालं. दादाने सफरचंदावरच्या दातांच्या खुणांची नोंद केली.

सव्वाचार झाले. "मामा, आता मी?" बारकीने विचारलं. "अजून तुझा नंबर आलेला नाही," मामा म्हणाला. आणि बेबीही म्हणाली, "थांब गं जरा, मध्ये मध्ये बोलू नकोस."

मग संशय चौकातल्या चित्रकारावर गेला, कारण त्याच्या फळीमागे वही लपवण्याइतकी जागा होती. निरीक्षण करता यावं म्हणून दादा स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला. वीस मिनिटं बसला. चित्र पाहून त्याचा चेहरा पडला.

"डोळे मिटलेले का काढलेत?"

"जसे दिसले तसे काढले," चित्रकार म्हणाला.

बेबीने घड्याळ पाहिलं. चार पस्तीस. मोठी बुरुजाकडे बघत पायरीवर बसली होती आणि तिने विचारणंही सोडून दिलं होतं.

"सगळं जुळतंय," दादा धापा टाकत आला. "आसपास शेळी नाही. मात्र खंदकात बदकं आहेत. त्यातलं एक माझ्याकडे बघायचं टाळतंय. खंदक उपसायची परवानगी काढावी लागेल. आता बेबी, तुझी साक्ष."

"माझी साक्ष राहू दे," बेबी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दादाने पेन खाली घेतलं. "त्या दिवशीही मोठ्यांना विचारता विचारता पाच वाजले होते. सगळ्यांत लहान मी होते. मला कोणी काही विचारलंच नाही." ती टेबलापाशी गेली आणि चक्क जमिनीवर बसली. "बारके, तुला काय सांगायचं होतं गं?"

बारकीने आधी मामाकडे पाहिलं. "माझा नंबर आला?"

"आला, राणी."

"वही इथे आहे," बारकीने टेबलाचा पाय दाखवला. "मामाने ठेवली. टेबल हलत होतं ना."

दगड आणि लाकूड यांच्यामध्ये, दुमडून चौपदरी झालेली शिक्केवही इमानेइतबारे टेबल तोलून धरत होती. चहावाल्या बाईंनी एका हाताने टेबल उचललं आणि बेबीने वही ओढून काढली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" दादाने विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नंबर नव्हता," बारकी म्हणाली.

"तुमच्यासारखे रोज येतात," चहावाल्या बाई टेबल पुसत म्हणाल्या. "हाताला लागेल ते पायाखाली सारतात. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून हेच चाललंय."

बेबी तिथेच थबकली. उभ्या उभ्या तीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून सरकली.

"दादा," ती म्हणाली, "तेव्हाही टेबल डुगडुगत होतं का रे?"

तपासमहर्षी वाकले आणि टेबलाच्या पायाखालचा दगड बोटाने चाचपून बघू लागले. मग मोठीने वही हिसकावून घेतली, आणि सगळे बुरुजाकडे पळत सुटले.

चार छप्पन्नला सातवा शिक्का बसला, घडीवर थोडा वाकडा. वर जाताना एकशे चाळीस पायऱ्या होत्या आणि दादा सगळ्यांच्या मागे राहून चढला. वर मिशाळ घंटावाला दोर हातात घेऊन उभा होता. मोठीने दोर धरला, मग मागे वळून पाहिलं.

"आई, जाड आहे गं. तूपण धर ना."

"वही असेल त्यालाच दोर," घंटावाला म्हणाला. "बाईंची वही कुठाय?"

बेबी मागे सरली. तेवढ्यात दादा पुढे झाला. त्याने चष्मा काढून हातात घेतला होता.

"त्यांची वही माझ्यामुळे हरवली," तो म्हणाला. "सहा शिक्के झाले होते. तीस वर्षं झाली त्याला."

घंटावाल्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग इतके दिवस काय करत होता?"

"तपास," दादा म्हणाला.

घंटावाल्याने दोराचा वरचा भाग बेबीच्या हातात दिला. पाच वाजले. मायलेकींनी दोर ओढला. तो आवाज कानांतून नाही, तळपायांतून वर चढला आणि बेबीला हसू आणि रडू एकदम आलं. बारकीने कानांवर हात ठेवून विचारलं की अजून मोठ्याने वाजवता येत नाही का.

उतरताना बेबीने पाहिलं, दादा कठड्याला टेकून टिपणवहीच्या अगदी पहिल्या पानावर काहीतरी लिहीत होता. तिने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. खटला क्रमांक एकच्या जुन्या निकालावर त्याने सरळ रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं, "गुन्हेगार तपासावरच होता. शेळी निर्दोष."