बाभळींचं इन्स्पेक्शन

वनविद्येची पदवी घेऊन कृष्णात गावी परतला त्याला सहा महिने होत आले होते, आणि त्या पदवीचं पुढं काय करायचं हे त्याच्याखेरीज सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं.

त्याचे वडील, पेन्शनर सुभेदार लालासाहेब, म्हणत, सरळ रेंजर व्हावं. खाकी कपडे, कमरेला पट्टा आणि हाताखाली आठ-दहा माणसं, यापेक्षा शिक्षणाचा आणखी काय उपयोग असतो? आईला एखाद्या संस्थानातली नोकरी बरी वाटे, कारण संस्थानं जवळ होती आणि पोरगं सणाला घरी आलं असतं. चावडीवरची मंडळी मुळावरच घाव घालत. "रान राखायला कालीज कशाला लागतंय? आमचा कोंडीबा बिगर कालीजचा राखतोय की."

खुद्द कृष्णातला आणखी शिकायचं होतं. उत्तरेतल्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांसाठी एकच जागा निघाली होती. त्याचा विषय ठरलेला होता, बाभूळ. सागवानावर कपाटभर निबंध लिहिले गेले होते. पण जिच्यावाचून उंब्रजच्या आसपास एक नांगर उभा राहत नाही, त्या बाभळीवर त्याला सगळ्या पुस्तकांत मिळून दीड पान सापडलं होतं. अर्जासोबत काही काम करून दाखवायचं होतं. म्हणून कार्तिकात त्यानं गावच्या बांधांवरच्या शंभर बाभळी निवडल्या, जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर प्रत्येकीला चुन्याची बारीक रेघ मारली, गेरूनं नंबर घातला आणि घेर इंचाच्या आठव्या भागापर्यंत टिपून ठेवला. आता चैत्रात त्याच रेघांवर पुन्हा टेप लावायची होती. दोन मापांतला फरक म्हणजे वाढ. हा फरक जेमतेम अर्धा इंच असतो, म्हणून रेघ आणि नंबर हेच सगळं काही होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात त्याला सांगलीला जावं लागलं. तिथले वर्धमान शेठ लाकडाच्या वखारीचे मालक. सुभेदारांनी घराच्या तुळया त्यांच्याकडूनच आणल्या होत्या, त्या ओळखीवर त्यांनी मुलासाठी शब्द टाकला होता.

शेठनी कृष्णातला एका सागाच्या ओंडक्यावर बसवलं. "नेमकं शिकलास काय म्हणायचं?"

"झाडं कशी वाढतात ते."

"वाढायचं थांबल्यावरच ती माझ्याकडं येत्यात बघ." शेठ समजुतीनं हसले. "हे दांडेलीहून येतंय. आत पोकळ कुठलं, भरीव कुठलं, हे बाहेरनं सांगणारा माणूस पाहिजे मला. सोमवारी हजर हो. रविवारपर्यंत काय ते कळव, मला थांबून चालायचं न्हाई."

काम वाईट नव्हतं आणि माणूसही भला होता. पण परतीच्या गाडीत कृष्णातच्या डोळ्यांपुढं पुढची तीस वर्षं उभी राहिली. त्या सगळ्या वर्षांत तो आडव्या पडलेल्या झाडांची मापं घेत होता.

तो सांगलीत असतानाच, मंगळवारी दुपारी, घरी पत्र आलं. संस्थेचे मोठे साहेब पुण्याला आले होते आणि गुरुवारी सकाळी उमेदवाराची झाडं स्वतः तपासायला येणार होते. पत्र इंग्रजीत होतं. सुभेदारांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि त्यांना हवे ते तीन शब्द सापडले: साहेब, झाडं, इन्स्पेक्शन. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकड्यानं इन्स्पेक्शनं पाहिली होती. साहेब छावणीत यायच्या आधी झाडाला चुना आणि चुन्यावर गेरूचा पट्टा, हे एकदाही चुकलं नव्हतं. आणि इथं तर साहेब खास झाडंच बघायला येत होते.

त्यांनी हवालदार नाथाजीला बोलावणं धाडलं. लढाई संपून पलटणीतली अठ्ठावीस माणसं नुकतीच गावी परतली होती, आणि तीन महिने हातांना काम नसल्यानं त्या सगळ्यांचे घरच्यांशी खटके उडत होते. घरच्यांनी त्यांना आनंदानं जाऊ दिलं.

बुधवारी दुपारी कृष्णात मसूर स्टेशनावर उतरला आणि चालत निघाला. गावच्या शिवेत शिरताच तो थांबला. नजर पोचेल तिथवर बांधावरची प्रत्येक बाभळ बुंध्यापासून पाच फुटांपर्यंत पांढरीशुभ्र होती. पांढऱ्यावर चार बोटं रुंदीचा लाल पट्टा होता, आणि सगळे पट्टे एका ओळीत होते.

"ये, ये," सुभेदार बांधावरून म्हणाले. त्यांच्या मिशीलाही चुना लागला होता. "तीनशे सत्तावीस. तू शंभरच केलीतीस."

"आबा, माझे नंबर कुठायत?"

"लय गबाळ्यासारखे घातलेतेस रं," नाथाजी पुढं झाला. "सतराच्या शेजारी एकोणतीस, एकोणतीसच्या पुढं चार. असं कुठं आसतंय व्हय गड्या? समदी झाडं फालीन केली, वळीनं धरली, आन् डावीकडनं नव्यानं नंबर दिले."

"पण चुन्याच्या खाली माझी रेघ असेल ना?"

"छ्या. आदी काथ्यानं घासून काढली, मग चुना. घाणीवर चुना मारतोय व्हय आमी?"

कृष्णातनं बांधावर बसून वही उघडली. त्याच्या वहीत शंभर घेर होते, पण कुठला घेर कुठल्या झाडाचा हे सांगणारं जगात आता काही उरलं नव्हतं. सुभेदारांना त्यानं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर सुभेदार बराच वेळ मिशीचा चुना खरवडत राहिले.

"मग आता?"

"आता सोमवारी सांगली," कृष्णात म्हणाला.

तरी त्याच्यातला शास्त्रज्ञ लगेच हार मानायला तयार नव्हता. घासताना एखादी रेघ राहिलीही असेल, म्हणून त्यानं विळा घेतला आणि जवळच्या झाडाचा चुना हळूहळू खरवडायला लागला. चुन्याबरोबर सालीचा पापुद्राही निघाला, आणि पाठीमागून आवाज आला.

"काय रं, सोलतोस व्हय तिला?"

साळूबाई काठी टेकत उभी होती. सत्तरीची ही म्हातारी गावातली एकुलती एक शेरडं राखणारी, आणि ती आधीच तापलेली होती. साहेब यायचा म्हणून सुभेदारांनी तिची बावीस शेरडं दोन दिवस कोंडून ठेवायला लावली होती. ती त्यांच्याशी भांडायला निघाली होती, वाटेत हा सापडला.

"ठेव तो इळा. गुंडाची बाभळ हाय ती."

"गुंडाची कशी? बांध तर बिराप्पाचा हाय."

"बांध बिराप्पाचा, बाभळ गुंडाची. गुंडा पलटणीत गेला तवा त्याच्या आयेनं राखली. ढोपराएवढं रोप हुतं. माझ्या दारात येऊन मला आन घातली, तुझं एक शेरडू जरी हिला लागलं तर बघ म्हनली."

कृष्णातनं विळा खाली ठेवला. "आनि ही पलीकडली?"

"ती नाथाजीची. ती वाकडी हाय ती न्हाव्याच्या पोराची, त्यो आला न्हाई परत. म्हनून तिची डहाळीबी मी तोडत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या गावात पोरगं पलटणीत भरती झालं की त्याची आई बांधावरचं बाभळीचं एक रोप त्याच्या नावानं राखायची. पोरगं पेन्शनीवर येईपर्यंत त्याच्या औताला लाकूड तयार व्हावं, हा हिशेब. ही गोष्ट पुरुषांना मात्र सांगायची नाही अशी रीत होती. सांगितली असती तर पेन्शनीपर्यंत न थांबता कुणीही कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी झाड तोडलं असतं. पण रोपाला खरं भय होतं ते शेरडांचं. त्यामुळं प्रत्येक आई साळूबाईला तेवढं बजावून जाई. चाळीस वर्षांत सगळ्या आयांची सगळी झाडं फक्त एका माणसाच्या ध्यानात राहिली होती.

बाभळीच्या अभ्यासात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे तिचं वय. लाकडातली वर्तुळं भरवशाची नसतात, आणि ती बघायलाही झाड तोडावं लागतं. इथं मात्र भरतीचं साल हे झाडाचं साल होतं, आणि भरतीची तारीख प्रत्येक शिपायाच्या डिस्चार्जच्या कागदावर सरकारी शिक्क्यासह छापलेली होती. रोप ढोपराएवढं असताना राखलं, म्हणजे त्यात एखादं वर्ष मिळवायचं.

उरलेला दिवस साळूबाई पुढं, कृष्णात टेप घेऊन तिच्यामागं आणि सगळी पलटण त्याच्यामागं, अशी वरात बांधांवरून फिरली. एरवी तोंडाळ असलेला नाथाजी आपल्या बाभळीला नुसता हात लावून उभा राहिला. "दर रजेला हिच्याखाली बसून बिडी वडली," तो शेवटी म्हणाला. "आमची म्हातारी एका शब्दानं बोलली न्हाई."

सुभेदारांना राहवलं नाही. "माझी कुठली, साळूबाई?"

"तुमची तुमीच तोडली की वो. रजेवर आलावता तवा, गोठ्याच्या मेढीला. तुमच्या आयेनं दोन दिस भाकरी खाल्ली न्हाई, आन् तुमी वैद्य आनलावता."

सुभेदार त्यानंतर वरातीत सगळ्यांत मागं चालत होते.

गुरुवारी सकाळी साहेब आले. उंच, सावळे, बोलायला कमी. बांधावर एक्केचाळीस झाडांखाली माणसं ताठ उभी होती, काहींच्या छातीवर पदकं. ज्यांची माणसं परत आली नव्हती त्या झाडांखाली त्यांच्या घरच्या बायका होत्या. साहेबांनी चुना पाहिला, पट्टे पाहिले आणि कृष्णातकडं पाहिलं. त्यानं वही पुढं केली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. वाढीचा रकाना कोरा होता.

"म्हणजे सहा महिन्यांचं काम गेलं," साहेब म्हणाले.

"हो."

नाथाजीला हे सहन झालं नाही. त्यानं कडक सॅल्यूट ठोकला. "हवालदार नाथाजी, साहेब. भरती चौदा जून एकोणीसशे एकतीस. झाड आपलंच. घेर एक्केचाळीस इंच, वर तीन अष्टमांश." आणि कागद पुढं केला.

साहेबांनी कागद वाचला, झाड पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग ते पुढच्या झाडाकडं गेले, तिथून त्याच्या पुढच्या. पाचव्या झाडाशी त्यांनी कोट काढून बांधावर ठेवला. कृष्णातच्या आईनं पाठवलेला चहा तीनदा गार झाला.

शेवटी ते साळूबाईपाशी आले आणि त्यांनी ओढ्याकडच्या एका दांडग्या बाभळीकडं बोट दाखवलं. "आजी, हिचं वय किती?"

गावातली ती सगळ्यांत मोठी बाभळ होती.

"मला काय ठावं," साळूबाई म्हणाली. "ती आपसूक आलीया. तिचं मला कुनी सांगितलं न्हाई."

साहेब पहिल्यांदाच हसले. "ज्याला 'माहीत नाही' असं सांगता येतं, त्याच्या माहितीवर विश्वास ठेवावा," ते कृष्णातला म्हणाले आणि वही मिटून गाडीत बसले. जागेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

रविवार उजाडला तरी पत्र नव्हतं. कृष्णातनं हातात काही नसताना सांगलीला नकार कळवला. वर्धमान शेठचं उलट टपाली कार्ड आलं: "ठीक. तुझी झाडं मोठी झाली की माझ्याकडंच पाठव."

पत्र वैशाख संपताना आलं. त्याची निवड झाली होती. सुभेदारांनी लगेच ट्रंक उतरवून पुसायला घेतली, आई लाडवाच्या तयारीला लागली. कृष्णात मात्र दुसरं पान वाचत दारातच उभा राहिला. साहेबांनी लिहिलं होतं की अशा वयाची बाभळ कुठल्याही वनात मिळणार नाही, तेव्हा उमेदवारानं उत्तरेला येण्याचं कारण नाही. पहिले अठरा महिने आपल्या गावी राहून, मग कोरेगाव ते लोणंद पट्ट्यातल्या पलटणीच्या गावांत फिरून, शेरडं राखणाऱ्या बायकांकडून त्यानं हीच माहिती गोळा करावी. आरंभ ज्यांच्यापासून झाला त्या बाईंकडूनच करावा.

साळूबाईला हे सांगितलं तेव्हा ती डहाळ्या झोडपत होती. "बसून बोलायला मला येळ न्हाई," ती म्हणाली. "सकाळच्याला शेरडं सोडती. यायचं आसंल तर तवा यायचं, आन् मागं राहनारी दोन करडं तू हाकायची."

आठवड्याभरानं चावडीवर कुणीतरी सुभेदारांना छेडलं. "काय सुभेदार, पोरगं पुढचं शिकायला जानार हुतं न्हवं? गेलं का न्हाई?"

"गेलं की," सुभेदार छाती काढून म्हणाले. "सोमवारपास्नं जातंय."

"कुठं?"

"साळूबाईच्या शेरडांमागं. दोन वरसांचा कोर्स हाय."