घरचा करंट

नेपाळला जायचा रस्ता गोपाळकृष्ण मुळ्ये यांनी नकाशात शोधला नाही, कुलवृत्तांतात शोधला.

सकाळचा चहा झाल्यावर त्यांनी कपाटावरून तो जाडजूड ग्रंथ काढला, धूळ झटकली आणि जेवणाच्या टेबलावर आपटला. जगातल्या झाडून सगळ्या मुळ्यांची नावं, पत्ते, शिक्षण, कोणाची मुलगी कोणाकडे दिली आणि कोण निपुत्रिक गेला, असं सगळं त्यात होतं. फक्त ते सगळं तीस वर्षांपूर्वीचं होतं.

"हे कशाला बाहेर काढलंत?" मालिनीबाईंनी विचारलं.

"चार्जिंग स्टेशनं शोधतोय."

मालिनीबाईंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. एकतीस वर्षं त्यांनी कन्याशाळेत भूगोल शिकवला होता. आंतरराष्ट्रीय सीमा कशी काढायची, तर आडवी रेघ, टिंब, आडवी रेघ, टिंब, असं हजारो मुलींच्या वह्यांत त्यांनी गिरवून घेतलं होतं. ती रेघ एकदा तरी स्वतः गाडी चालवत ओलांडायची, एवढीच त्यांची इच्छा. आजवर तीनदा बेत ठरला आणि तीनदा मोडला. एकदा सासूबाईंच्या मोतीबिंदूमुळे, एकदा मुलाच्या, अनिशच्या बारावीमुळे, आणि तिसऱ्यांदा घराला रंग काढायचा होता म्हणून. आता त्यांना एकसष्ट पूर्ण झाली होती. दारात विजेवरची गाडी उभी होती, दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार निघायचा म्हणून कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता, आणि गुडघे अजून ऐकत होते. चौथ्यांदा मोडलं तर पाचव्यांदा काही त्या मागायच्या नव्हत्या.

"अहो, रस्त्यावर चार्जर असतात. अनिशने मोबाइलवर घालून दिलंन ना सगळं. कुठे आहे, मोकळा आहे का, तेसुद्धा दिसतं."

"रस्त्यावरचे!" गोपाळकृष्णांनी 'रस्त्यावरची भेळ' म्हणावं तशा सुरात म्हटलं. "कोणकोण येऊन काय काय लावून जातो तिथे, माहितेय? व्होल्टेजचा पत्ता नाही, अर्थिंगचा पत्ता नाही. घरचा करंट तो घरचा करंट. मी बाहेरचं पाणी पीत नाही, गाडीला बाहेरची वीज पाजू?"

गोपाळकृष्ण भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, त्यामुळे त्यांच्याशी विजेवर वाद घालणं कठीण. ते चुकले तरी सूत्रासकट चुकत. गाडी मालिनीबाई चालवत आणि गोपाळकृष्ण शेजारी बसून टक्के वाचत. "एक्क्याऐंशी... ऐंशी... एसी बंद कर... एकोणऐंशी. हॉर्न कशाला वाजवलास?" कंपनी म्हणे, एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटर. गोपाळकृष्णांच्या मते अडीचशे, कारण कंपनीला आंबा घाट माहीत नाही.

तर दर अडीचशे किलोमीटरवर एक मुळ्ये हवा होता. तिथे मुक्काम करायचा, गाडी लावायची, सकाळी पुढे. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ, नागपूर, जबलपूर अशी माळ पटापट लागली. पुढे मात्र गाडी अडली. जबलपूर आणि काशी यांच्या मधोमध एकही मुळ्ये नव्हता.

"काय माणसं ही!" गोपाळकृष्ण पूर्वजांवर चिडले. "चारशे किलोमीटर मोकळं सोडलंनीत. मध्ये एकाला राहायला काय झालं होतं?"

"त्यांना बिचाऱ्यांना प्लगचं कोणी सांगितलं नसेल," मालिनीबाई म्हणाल्या.

पहिला फोन सोलापूरला लागला.

"वसंतराव आहेत का? मी रत्नागिरीहून गोपाळकृष्ण मुळ्ये. आपले पणजोबा सख्खे भाऊ."

पलीकडून एका बाईंचा आवाज आला, "ते जाऊन अकरा वर्षं झाली. आज आठवण झाली होय तुम्हाला?"

त्यानंतर अर्धा तास गोपाळकृष्ण नुसते "अरेरे" आणि "फार वाईट" म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे खरोखर ओले होते.

"आणि प्लग?" मालिनीबाईंनी विचारलं.

"अगो, अशा प्रसंगी प्लग कसा विचारणार? माणसाला काही काळवेळ असते."

त्या दिवशी त्यांनी सात फोन केले. दोन सांत्वनात गेले, एकात जावयाची तक्रार ऐकावी लागली, एकाने पत्रिका जुळवायला घेतली, तीन उचललेच नाहीत. प्लगपर्यंत एकही पोचला नाही. शेवटी आठवा फोन कोल्हापूरच्या देवदत्त मुळ्यांना लागला. देवदत्त चुलत-चुलत भाऊ, साठीचे, आणि कुठल्याही गोष्टीची कमिटी करण्यात वाकबगार.

"एकेकाला फोन कशाला करत बसलाय दादा? ग्रुप काढतो की! सगळे एका दमात गोळा."

संध्याकाळी 'मुळ्ये ऊर्जा परिवार' नावाचा ग्रुप निघाला. तीन दिवसांत त्यात एकशे बारा मुळ्ये जमा झाले आणि सकाळी सहापासून एकमेकांना फुलं पाठवू लागले.

गोपाळकृष्णांनी ग्रुपवर शिस्तीत प्रश्नावली टाकली. एक, घरात सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का? दोन, अर्थिंग कधी तपासले? तीन, गाडी सॉकेटपाशी येते का? चार, रात्री वीज जाते का? खाली एक टीपही होती : 'बाहेरच्या चार्जरवर विश्वास ठेवू नये. घरचा करंट हाच सुरक्षित.' तिला एकाहत्तर अंगठे आले.

लोकांनी प्रश्नावली वाचली नाही, फक्त ती आली आहे एवढं पाहिलं. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, असा सगळ्यांचा समज झाला. सॉकेटच्या प्रश्नाला यवतमाळहून उत्तर आलं, 'दोन मुलगे, एक कॅनडात.' अर्थिंगच्या प्रश्नाला नागपूरने लिहिलं, 'मुलगी एमएस्सी, उंची पाच चार, योग्य स्थळ सुचवावे.' एका गृहस्थांनी आपला मूळव्याधीचा सगळा इतिहास पाठवला. नीट उत्तर आलं ते एकच, जबलपूरच्या सावित्रीवहिनींचं. 'सॉकेट आहे. अर्थिंग परवाच तपासून घेतले. गाडी थेट व्हरांड्यापर्यंत येते. मालिनीला तिखट चालतं ना?'

"ही एक बाई शहाणी," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सावित्रीवहिनींना वेगळा फोन लावला. तो तासभर चालला. वहिनी सुरत, रायपूर आणि माहेर सोडून कुठे गेलेल्या नव्हत्या. "आमच्यापर्यंत पोचा," त्या म्हणाल्या, "मग बघू मला कोण मागे ठेवतो ते."

इकडे सोलापूर आणि नांदेडचं जुंपलं. मूळ घरचे देव नांदेडकरांनी परस्पर नेले, असा सोलापूरकरांचा दावा. नांदेडकर म्हणत, ते देव आम्ही वाऱ्यावर पडलेले उचलले. सोलापूरने ग्रुपवर जाहीर केलं की, जो नांदेडला उतरेल त्याने आमच्या प्लगला हात लावायचा नाही. नांदेड वगळलं तर सोलापूर ते यवतमाळ गाडी पोचत नव्हती.

"दादा, समोरासमोर बसवून मिटवायला पाहिजे हे," देवदत्तांनी तोडगा काढला. "संमेलनच घ्या. मूळ पुरुष रत्नागिरीचा, तुमचं घर मोठं, अंगण ऐसपैस. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार सगळ्यांना जमतोय."

गोपाळकृष्णांना आयुष्यात एकदाच टाळ्या मिळाल्या होत्या, त्याही निरोप समारंभात. ग्रुपवर एकशे बारा जणांनी 'अध्यक्ष : गोपाळकृष्णदादा' असं लिहिलं आणि ते 'हो' म्हणून बसले.

"त्या शनिवारी आपण निघणार ना?" मालिनीबाईंनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"अगो, निघून जाणार कुठे? कोल्हापूर इथे येतंय, सोलापूर इथे, नांदेड इथे. सगळी चार्जिंग स्टेशनं त्या दिवशी रत्नागिरीत! वाटेत एकाही घराला उघडं दार नाही."

मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. हा माणूस वाईट नव्हता. आजारपणात त्याने त्यांचे पाय चेपले होते, त्यांच्या पेपरांची बेरीज तपासून दिली होती. फक्त कुठेही जायचं म्हटलं की तो आधी घर उचलून बरोबर घ्यायला बघायचा.

"मग कधी जायचं?"

"पुढच्या महिन्यात. नाहीतर उन्हाळ्यात. नव्या आवृत्तीचं संपादन आलंय ना माझ्याकडे..." पुढचं वाक्य त्यांनी वर्तमानपत्रात सांगितलं.

गाडीच्या डिकीत आठ दिवसांपासून भरून ठेवलेली बॅग मालिनीबाईंनी मात्र बाहेर काढली नाही.

शुक्रवारी संध्याकाळपासून मुळ्ये येऊ लागले. काही एसटीने, काही रेल्वेने, आणि शनिवारी सकाळी पाच कुटुंबं विजेच्या गाडीने. पाचही गाड्या वाटेत एकदाही चार्ज न करता, रडतखडत, एसी बंद, काचा खाली, घामाने थबथबून अंगणात शिरल्या.

"रत्नागिरीच्या अलीकडे, हातखंब्याला नवाकोरा चार्जर होता हो दादा," नागपूरचे मुळ्ये टॉवेलने मान पुसत म्हणाले. ते पुण्याच्या मुलाची गाडी घेऊन आले होते. "पण तुम्हीच लिहिलंय ना, बाहेरचा नको. म्हटलं, घरचाच करंट घेऊ."

घरात सोळा अँपिअरचा सॉकेट एक. त्यावर देवदत्तांची गाडी. दुसरी वायर न्हाणीघराच्या खिडकीतून, तिसरी देवघरातून, चौथी स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी, पाचवी माळ्यावरून खाली सोडलेली. यजमानांची स्वतःची गाडी पाहुण्यांसाठी जागा करून फाटकाबाहेर उभी, छत्तीस टक्क्यांवर.

वायरी लावून होतात न होतात तोच, साठ माणसांचा चहा उकळत असताना, पंप चालू केल्याबरोबर, मीटरच्या पेटीतून फट्ट असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. पंखे थांबले. पंप थांबला. पाचही गाड्यांचे हिरवे दिवे गेले.

"झाला उजेड!" गंगूबाई परसातून ओरडली. ती या घरात वीस वर्षं कामाला होती आणि घरच्यांपेक्षा मोठ्याने बोलायची. "वयनी, टाकीत पानी न्हाय, मिक्सर बंद, नारल खवलेला तसाच पडलाय. साठ मान्सांचं वाटप काय मी पाट्यावर करू? आनि ती न्हाणीतली तार कोनी तरी काढा, मी आत पाय ठेवनार न्हाय!"

मांडवात सोलापूर आणि नांदेड आमनेसामने बसले होते आणि अध्यक्ष मध्ये. वायरमन सांगून गेला, आतली सगळी वायर जळाली, दुपारपर्यंत तरी काही होत नाही. गोपाळकृष्ण घामाघूम होऊन आत आले.

"अगो, दही कमी पडणार. जरा गाडी काढून आणतेस?"

"आणते," मालिनीबाई म्हणाल्या.

दाराशी सावित्रीवहिनी हातपंख्याने वारा घेत बसल्या होत्या. "तुम्ही येणार म्हणून गादीला नवी खोळ शिवली होती," त्या म्हणाल्या. "आता घराला कुलूप लावून मी इथे आले, तर इथे हा देवांचा खटला. हे बसलेत बघ मांडवात, पंच म्हणून."

"दही आणायला येताय?"

सावित्रीवहिनींनी मालिनीबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या आणि आत जाऊन आपली बॅग घेऊन आल्या.

सव्वा तासाने एक रिक्षा दह्याच्या दोन बरण्या घेऊन फाटकात आली. जेवणं झाली. सोलापूर आणि नांदेड मठ्ठ्यावर तात्पुरते एक झाले. पान खाताना कोणीतरी "वहिनी दिसत नाहीत" म्हणालं, तेव्हा गोपाळकृष्णांनी फोन लावला.

"अगो, कुठे आहेस तू?"

"कोल्हापूर. गाडी लावलेय चार्जिंगला. आम्ही कॉफी पितोय."

"कोल्हापूर? तिथे कोणाकडे? देवदत्त तर इथे आहे, त्याच्या घराला कुलूप!"

"कोणाकडेच नाही."

गोपाळकृष्णांना हे उत्तर समजायला वेळ लागला. रस्त्यात कुठेतरी थांबायचं आणि तरी कोणाकडेच नसायचं, ही सोय त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

"म्हणजे... उभ्याच आहात?"

"खुर्च्या आहेत. पंखासुद्धा आहे. हातखंब्याला चाळीस मिनिटं लागली, इथे त्याहून कमी. मुक्काम सोलापूरला, हॉटेलात. सावित्रीवहिनींनी खोली सांगितलेन."

"टक्के किती?" हा प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून आपोआप गेला.

"त्र्याहत्तर. एसी लावून."

मांडवात देवदत्त आभारप्रदर्शनाची यादी वाचत होते आणि ती अजून निम्मीही झाली नव्हती. गोपाळकृष्ण मांडवाच्या कडेला सरकले, फोन तोंडाशी धरला आणि अगदी हळू, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखं विचारलं,

"मी येऊ?"

"या की," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "कशाने?"

गोपाळकृष्णांनी अंगणाकडे पाहिलं. पाच गाड्या पाच वायरींना बांधून गोठ्यातल्यासारख्या उभ्या होत्या. एकीतही फाटकापर्यंत जायचं बळ नव्हतं, आणि नव्या आवृत्तीसाठी त्यांचा फोटो काढायला नागपूरचे मुळ्ये त्यांना गाड्यांच्या मधोमध बोलावत होते.