सारथी पुढे बसतो

पोर मोठं होण्याच्या प्रत्येक सिनेमात एक प्रल्हाद असतो आणि त्याची वाट अडवणारा एक हिरण्यकशिपू, असं प्राध्यापकांचं ठाम मत. फिल्म क्लबात त्यांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं, की दिवे मालवणाऱ्या शिपायालाही पाठ झालं होतं. घरी मात्र वेगळाच खेळ चालला होता. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि प्राध्यापक विषयच टाळत होते.

"बाबा, उद्या सकाळी होकार कळवायचाय."

"आज माझं व्याख्यान आहे. उद्या बघू."

"महिनाभर उद्याच बघताय तुम्ही!"

"एकटी राहणार? गॅस बंद करायचा लक्षात राहत नाही तुझ्या!" असं म्हणत ते सिनेमाचा पेन ड्राइव्ह शोधू लागले. बायकोनं तो त्यांच्या हातात ठेवला. "घ्या, आणि निघा."

क्लबात अंधार झाला. पडद्यावर यायचा होता घर सोडून निघालेला मुलगा. आली दोन वेण्यांची मुलगी, सायकलवर. मागे सीट घट्ट धरून धावणारा एक माणूस. "बाबा, सोडा! येतंय मला!" मुलगी किंचाळत होती. माणूस सोडेल तर शपथ!

तो माणूस म्हणजे प्राध्यापक स्वतःच, आणि मुलगी त्यांची लेक. नशीब, तेव्हा डोक्यावर भरघोस केस होते, म्हणून कुणी ओळखलं नाही.

दिवे लागले. पहिल्या रांगेतल्या दंतवैद्यबाई उठल्या. "सर, छानच! मुलगी प्रल्हाद. मग मागचा तो हिरण्यकशिपू ना?"

"छे हो! तो... तो कृष्ण. सारथी!"

"सारथी पुढे बसतो, सर. हा मागून ओढतोय."

सगळे हसले.

"अहो, पोर पडेल म्हणून जीव तुटतोय त्याचा!"

"हिरण्यकशिपूलाही आपण बरोबरच आहोत असं वाटत असणार," बाई म्हणाल्या. प्राध्यापकांनी चर्चा अर्ध्यावरच गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी येऊन ते कडाडले, "भलताच पेन ड्राइव्ह दिलास! मी सारथी म्हटलं, तर हसले मला!"

"मी चुकून कधी काही देते का हो?" बायको शांतपणे म्हणाली.

प्राध्यापकांनी पेन ड्राइव्ह बायकोच्या हातात परत ठेवला. मग लेकीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "कळव त्यांना. हो म्हणून."

निघायच्या दिवशी बस लागली, तरी बॅगेचा पट्टा त्यांच्याच मुठीत.

"बाबा, सोडा."

त्यांनी सोडला. बस हलली आणि सवयीनं ते तिच्यामागे चार पावलं धावलेच. धरायला काही नव्हतं. डोळे मात्र भरून आले होते.

बायकोनं त्यांचा हात धरला. "अहो सारथी, चला घरी."