सासूबाई ‘इंटर्ड’ झाल्या

पन्नाशीनंतर माणसाने नवीन काही शिकू नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पुढे जे घडलं ते सगळं सांगूनही मी ते मिटवणार नाही.

सुरुवात केली आमच्या पुष्करसाहेबांनी. पुण्याहून बदलून आमच्या तारनाक्याच्या ऑफिसात आलेला बत्तीस वर्षांचा पोरगा. माझ्या पत्रातल्या ‘रिव्हर्ट बॅक’ला गोल करून चारचौघांत म्हणाला, “संघपालजी, रिव्हर्टमध्येच बॅक असतं.”

सव्वीस वर्षं मी बॅक लावतोय, कुणाचं काही अडलं नाही! पण त्याच संध्याकाळी मी जाडजूड डिक्शनरी आणली आणि वही आखली. रोज दहा अवघड शब्द. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग.

उपयोग घरातच सुरू केला. बायकोला म्हणालो, “रूपाली, यू आर फॉर्मिडेबल.”

“आमटी खारट झाली असेल तर मराठीत सांगा,” ती म्हणाली.

अशात नांदेडहून सासूबाई आल्या. भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायला त्यांना बेगम बाजारात न्यायचं होतं. म्हणजे दोन दिवस रजा. म्हणजे अर्ज. (संधी!) मी वही उघडली. ‘इंटर’ : टू प्लेस इन. ठेवणे. वाक्यात उपयोग : ‘आय इंटर्ड द टूथब्रश इन द बाथरूम.’ वा! मी अर्ज ठोकला, ‘माय मदर-इन-लॉ हॅज बीन इंटर्ड इन माय हाऊस सिन्स ट्यूज्डे.’ आणि साहेबांना मेल करून टाकला.

तासाभरात दाराची बेल वाजली. सासूबाईंनीच दार उघडलं. बाहेर पांढऱ्या शर्टात पुष्करसाहेब, आणि त्यांच्यामागे हार घेतलेला आमचा यादगिरी शिपाई.

“अम्मा, बहुत बुरा हुआ,” यादगिरी डोळे पुसत म्हणाला. “सायब की सास कू हम देखे बी नै थे.”

“कोण ओ हे?” सासूबाईंनी आत वळून विचारलं.

मी धावत आलो. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. “संघपालजी, धीर धरा. पण घरातच का?”

“मग कुठे? लॉजमध्ये?” मी म्हणालो. “हक्काचं घर आहे त्यांचं. चांगल्या महिनाभर राहू देत!”

यादगिरी दोन पावलं मागे सरकला. “सायब, पुलिस कू बोलूं क्या?”

“सासूबाईंना ठेवून घ्यायला पोलिसांची परवानगी?” मी कडाडलो. “ह्या बघा, समोर उभ्या आहेत!”

यादगिरीच्या हातातून हार पडला. साहेबांनी सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, “इंटर्ड म्हणजे पुरलेलं.”

मी डिक्शनरी आणली. ‘टू प्लेस इन अ ग्रेव्ह’ असं होतं. माझ्या वहीच्या रकान्यात ‘टू प्लेस इन’ एवढंच मावलं होतं. ग्रेव्हला जागा उरली नव्हती.

रूपाली पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. सासूबाई मात्र शांत होत्या. “जित्तेपणी पुरलं व्हय मला जावयानं? बसा, चहा घ्या,” असं म्हणून त्यांनी हार उचलून टेबलावर ठेवला.

पण मी मान खाली घातली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना इंग्रजीतच दीड पानी खुलासा दिला. चूक रकान्याची आहे, माझी नाही, आणि रोजचे दहा शब्द आता पंधरा होतील. संध्याकाळी तो कागद परत आला. खाली साहेबांचा एकच शब्द होता : ‘इनकॉरिजिबल’.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. या वेळी अर्थ पूर्ण, मोठ्याने वाचला : “ज्यात सुधारणा होऊ शकत नाही असा.” म्हणजे माझ्या इंग्रजीत सुधारायला आता काही उरलंच नाही! साहेबाने लेखी कबूल केलं! मी कागद सासूबाईंपुढे नाचवला.

त्यांनी भांडी पुसता पुसता मान डोलावली.

“हे तर रूपालीनं लग्नाच्या आठव्या दिवशीच सांगितलं होतं मला,” त्या म्हणाल्या. “तेबी मराठीत.”