खाली लिहा, बाकी खोडा

दुसऱ्याचं म्हणणं हवं तेवढंच उचलावं आणि आपलं उत्तर त्याच्या खाली लिहावं, यावर सुसंस्कृत समाज उभा आहे. हा सिद्धांत शेणव्याच्या भोईर गुरुजींचा. तो त्यांना सुचला तेव्हा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

शहापूर-मुरबाडच्या आम्हा निवृत्त शिक्षकांचा एक मेल-गट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर माणसं नुसती फुलं पाठवतात, म्हणून गुरुजींनी तो काढला. ऑपरेशनची बातमी त्यांनी गटावर कळवली, तर एका बाईंनी उत्तर दिलं, 'अभिनंदन!' खाली आधीचे नऊ मेल तसेच लोंबत होते. त्यातल्या अगदी तळाच्या मेलात कोणाला तरी नात झाली होती.

गुरुजींचा मला फोन. "अभिनंदन कोणाचं? नातीचं का हर्नियाचं?"

तेव्हापासून नियम लागू झाले. ज्या ओळीला उत्तर, तेवढीच ठेवायची, उत्तर तिच्या खाली लिहायचं. बाकी खोडायचं. चुकलं की फोन: "एक जुडी मागितली होती रे, अख्खा भारा कशाला आणलास?"

जुमानत नव्हते ते एकटे धसईचे देसले गुरुजी. दोघांनी वीस वर्षं एकाच शाळेत शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलेलं. देसले मुद्दाम वर लिहायचे. "आमच्याकडं पावन्याला आधी च्या देतात. वंशावळ मागून इचारतात."

भोईर खाली लिहायचे, "पोरांनापण उत्तर आधी नि प्रश्न मागून शिकवलास काय?"

मग देसल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्यांना किती समजतं, हे डॉक्टरही सांगेनात. सून मेल उघडून फोन त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायची. भोईर रोज लिहीत: लावणी कुठवर आली, शाळेचे पत्रे कोणी बदलले. रोज उलट यायचा तो त्यांचाच मेल, अख्खा. त्यात देसल्यांचा एक शब्द नाही. एवढा मोठा नियमभंग, पण गुरुजी रागावले नाहीत.

"बोट लागत असंल चुकून," एवढंच मला म्हणाले. "वाचतो का नाय, कसं कळायचं?"

एक दिवस त्यांनी मेलच्या मधोमध एक ओळ घातली: 'धसईचा तांदूळ आमच्या शेणव्यापुढं काय नाय.'

दुपारी मेल परत आला. सगळा होता. तेवढी ओळ नव्हती.

गुरुजींना तो मेल मला नुसता पुढे पाठवता आला असता. पण ते रिक्षा करून खर्डीला माझ्या घरी आले. फोन माझ्या नाकासमोर धरला. "खोडली बघ. डाव्या हातानं खोडली. समजतंय रे त्याला!" मग पाणी मागितलं आणि न पिताच निघाले.

आता ते रोज एक तरी ओळ धसईच्या तांदळाच्या निंदेची लिहितात. रोज ती खोडून येते.

भोईरांच्या घरी शिजतो तो तांदूळ धसईच्या बाजारातून येतो.