तारयंत्राचा पूर्वरंग

सरकारकडून काम कसं करून घ्यावं, ते मला विचारा! अर्ज, निवेदनं, शिष्टमंडळं ही सगळी कोरड्या माणसांची साधनं. अधिकारी झाला म्हणून काय झालं, छातीत काळीज असतंच की! आणि काळजाला हात घालायला कीर्तनासारखा उपाय नाही.

एकोणऐंशी सालची गोष्ट. आमच्या पोस्टात तारयंत्र नव्हतं. तारेची मनीऑर्डर जम्मूहून बेळगावपर्यंत विजेसारखी यायची, आणि पुढचे सात मैल टपालाच्या थैलीत बसून वरातीतल्या नवरदेवासारखी रमतगमत! आमच्या मनुबाईचा मुलगा भीमसेन तिकडंच जम्मूला पलटणीत. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. अडलंच तर बेळगावच्या दवाखान्यात हलवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"देवाप्पाआण्णा," मनुबाई म्हणाली, "भीमसेन पैसे तारेनं लावतोय. खरं ते हितं पोचस्तोवर नातू रांगाय लागंल!"

"आक्का, काळजी सोड. यंत्र आणतोच!"

खात्याचं धोरण असं, की यंत्र एक आणि गावं दोन : आमचं आणि ओढ्यापल्याडचं. खरी गरज कुणाला, ते साहेब जातीनं बघून ठरवणार. पल्याडच्यांनी निवेदनावर अंगठे घ्यायला सुरुवात केली. मला हसू आलं! मी सायकल काढली आणि वडगावच्या भावकूबुवांना गाठलं. दिवसभर मागावर विणणारा हा माणूस कीर्तनाला उभा राहिला, की दगडाला पाझर फोडतो.

"बुवा, उत्तररंगात हुंडीचं आख्यान लावा. भक्ताची हुंडी देव एका क्षणात वटवतो. शेवटी म्हणायचं, देवाला जमतं ते पोस्टाला का जमू नये?"

"झकास! खरं पूर्वरंगात निरूपण कशावर करू?"

"तुमच्या मनाला येईल त्यावर!"

इथंच घात झाला.

साहेब धारवाडकडचे. मराठी उत्तम कळायचं, पण कीर्तनाला जन्मात बसलेले नव्हते. दुपारी चारला देवळात त्यांना खुर्ची दिली. बुवांनी टाळ वाजवला आणि धरलं वैराग्य! पैसा म्हणजे माती. तो उशिरा आला तर देवाची कृपा, आलाच नाही तर महाकृपा! अहो, काय रंगले म्हणता बुवा! मी डोलत होतो. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आता उत्तररंगात आपलं काम होणार, या आनंदात मी आणखी डोललो.

पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे बुवांना हार घातला, बुक्का लावला. हे मध्यंतर असतं, पुढं अर्धं कीर्तन शिल्लक असतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. साहेबांना वाटलं, संपलं! ते उठले, बुवांच्या पाया पडले आणि जमलेल्या गावकऱ्यांकडे वळले.

"मी धन्य झालो! नोकरीत वीस वर्षं झाली बघा. जिथं जाईन तिथं पैसे लवकर पाहिजेत म्हणून भांडण. पैशाला माती म्हणणारं गाव आजच बघतोय! इथं यंत्र बसवून मी तुमची शांती मोडू काय? यंत्र पल्याडच्या गावाला देतो. कुणाची हरकत असली तर आत्ता बोला!"

मी बोलायला तोंड उघडलं. पण आमचा मृदंगवाला जोतिबा! वाक्य थांबलं की थाप ठोकायची, ही त्याच्या हाताची सवय. थाप पडली. आणि थाप पडली की आमच्या गावाच्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडते!

"पुंडलिक वरदाऽ हाऽरि विठ्ठल!"

अख्खं गाव गरजलं, हात वर करून. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा!

साहेबांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले आणि जीप गेली.

"आण्णा, काय केलासा वो हे?" मनुबाईनं कपाळावर हात मारला.

"आक्का, अजून उत्तररंग हाय की..."

"कुणाला सांगताय? जीपच्या धुरळ्याला?"

उत्तररंग मात्र बहारीचा झाला हं! देवानं हुंडी वटवली तेव्हा सगळं देऊळ रडलं. मनुबाई तेवढी माझ्याकडं बघत बसली होती.

तिनं भीमसेनाला कळवून टाकलं, की पैसे देवाप्पांच्या नावानं पल्याडच्या पोस्टावर लाव. यंत्र बसल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन जायची शिक्षा मला! एका सकाळी तार खडखडली आणि तासाभरात पैसे माझ्या हातात. दुपारपर्यंत लेक दवाखान्यात पोचली, संध्याकाळी सुखरूप सुटली. नातू झाला!

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी पल्याडच्या पोस्टमास्तरांकडं गेलो. मन भरून आलं होतं.

"मास्तर, तुमच्या यंत्राचे उपकार कसे फेडू? पुढच्या एकादशीला भावकूबुवांचं कीर्तन ठेवतो तुमच्या गावात!"

मास्तरांनी पेढा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी यंत्र गच्च धरलं.

"आण्णा, तुम्ही कवाबी या! खरं बुवांना तेवढं वढ्याच्या तुमच्या बाजूलाच राहू द्या!"